मांजराला रोज बदाम

कल्पना करा हं मुलांनो, दातांच्या दवाखान्यात तुम्ही नंबराची वाट पाहताय आणि शेजारच्या बाकावर एक आजोबा नि त्यांची नात बोलताहेत.

"चिमणे, फेसबुकवर तुझा काका काय म्हणतो?"

"नव्या घराचे फोटो टाकलेत."

"आणि इन्स्टाग्रामवर?"

"तिथे नुसतं त्याचं मांजर असतं."

"त्या मांजराच्या फोटोला मी रोज बदाम देतो."

"व्हॉट्सॲपवर तोही तुमच्या सुप्रभातला अंगठा देतो की."

"देतो. पण बोलत कुठेच नाही."

"मग तुम्ही फोन करा."

"भांडून तो गेला. आधी मी का करू?"

"मग मांजराला बदाम तरी कशाला देता?"

चिमणीने आजोबांच्या खिशातला फोन काढला, काकाचा नंबर लावला आणि पलीकडून "बाबा?" असं ऐकू येताच तो हळूच त्यांच्या कानाला लावला.