सुपाच्या खिंडीतली झोळी

सुनंदा, उठू नको. बस खाली. जांभया देतीस ते दिसतंय मला, डोळं म्हातारं झालं तरी आंधळं न्हाई झालं. पर बाळंतिनीपाशी कोनीतरी जागं ऱ्हायला पायजे, आन् आज तुजी पाळी हाय. रेश्मा निजलीय, निजू दे तिला. बाळ बी निजलंय. दवाखान्यातनं आल्यापास्नं आज पयल्यांदा दोघं एका वक्ताला निजल्यात. आपन हळू बोलू. पोरींनो, तुमी बी सरका इकडं. दार लोटा, पर कडी घालू नका. का घालू नका ते ऐका आता.

रेश्माला कळा आल्या तवा आपन काय केलं? फोन केला. दारात गाडी आली. नर्सबाई गाडीत तिच्यापाशी बसली, सगळ्या वाटंला तिचा हात सोडला न्हाई. मला लई बरं वाटलं ते बगून. माज्या येळंला इथं सडक नव्हती, वीज नव्हती. ह्या माळावर तीन घरं, तीबी हाकंच्या पलीकडं. पौषात बाकीची दोन्ही घरं गुरं घेऊन खाली जायची. मग वर आमीच. सासू आदल्या सालीच गेलेली. घरात मी आन् तुमचा आजा, बाकी नुसता वारा.

अशा पौषातल्या अवसंला मी अडले. पोटात ह्या रेश्माचा बाप व्हता, आपला नामदेव. सकाळधरनं कळा, दिवस बुडाला तरी काय न्हाई. अडलेल्या बाईच्या घरात गाठ ठेवायची नसती, ठाव हाय न्हवं? तुमच्या आज्यानं घरातली एकूनएक गाठ सोडली. गाठोडी सोडली, दावी सोडली, माजी येनी सोडली, दाराची कडी काढली. गाठ ऱ्हायली ती एकच, आढ्याच्या दोराची. तो दोर मला धराया पायजे व्हता. मग म्हनाला, कोंडाबाईला घेऊन येतो. आन् गेला की पळत. मी एकटी.

एकटी म्हंजी कशी, ते तुमाला न्हाई कळायचं. कळ आली की वरडायचं, आन् वरडल्यावर आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा. मग मी वरडायचंच सोडून दिलं.

कोंडाबाई सुईन खाली नाचनवाडीत ऱ्हायची. रांडमुंड बाई, घरात मागंपुढं कोन न्हाई. सगळ्या पंचक्रोशीची पोरं तिच्या हातावर आलेली, तिचं सोताचं एक बी न्हाई. आजा तिच्या दारात पोचला तवा ती निजायच्या तयारीत व्हती. तिनं एवडंच इचारलं, कवापास्नं? सकाळधरनं म्हनल्यावर उठलीच. म्हनाली, तू माज्यासंगं येऊ नको. चार मानसं गोळा कर, झोळी घेऊन ये. मला न्हाई जमलं तर पोरीला खाली न्यावं लागंल. मी व्हते पुढं.

आजा म्हनाला, खिंडीतनं? एकली? अवसंची?

"ती बी तिथं एकलीच हाय न्हवं," कोंडाबाई म्हनाली, आन् कंदील पेटवला.

आता खिंडीत काय व्हतं ते सांगते, त्याबिगार पुढचं उमगायचं न्हाई. आमच्या माळावरची सगुना म्हनून एक बाई. मी लगीन करून आले त्याच्या आदीची गोष्ट. ती अशीच अडली. घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली, आन् उताराला पडू नये म्हनून तिला झोळीत दोरानं आवळली. हात बी आतच. चौघंजन घेऊन निघाले. सुपाच्या खिंडीत टेकनीचा दगड हाय, तिथं झोळी टेकवली. तिला तान लागलेली. एकजन पानी आनाया ओढ्याला उतरला. दुसरा चूड पेटवाया काटक्या बगाया गेला. तिसरा पुढची वाट बगाया. चौथा म्हनाला, तिघं हायेत हितं, मी जरा आडोशाला जाऊन येतो. परतेकाला वाटलं दुसरा तिच्यापाशी हाय. तिच्यापाशी कोनबी नव्हतं. चौघं परत आले तवर सगळं उरकलं व्हतं.

आन् भ्यानं म्हना का घाईनं म्हना, तिच्या गाठी कोनी सोडल्या न्हाईत. तशीच बांधलेली मसनात नेली तिला. पोटाशी बाळ, वर दोर.

तवापास्नं त्या खिंडीत गाठ टिकत न्हाई. कुनाचंबी वझं सुटायचं, कुनाच्या बैलाचं दावं सुटायचं. तिला वाटायचं, वाटंवरची एकूनएक गाठ सोडली की आपलीबी सुटंल. हे समदं मला कोंडाबाईनं सांगितलं, माज्या अंगाला तेल चोळता चोळता. तिनं कदी खोटं सांगितलं न्हाई. तंबाखू किती खाल्ली तेवडं सोडून.

तर कोंडाबाई निघाली. डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात धुतलेल्या चिंध्या, दोरा, नवं पातं, तेल, ओवा. ओढा वलांडला आन् गाठोडं सुटलं. चिंध्या पायात. तिला वाटलं, घाईत ढिली बांधली. वेचलं, दोन गाठी मारल्या, चालली. चार पावलं गेली न्हाई तर आंबाडा सुटला. आमी पिना लावत नव्हतो, केसाचीच गाठ मारायचो. केस तोंडावर आले. तरी चालली. मग पदराच्या टोकाची गाठ सुटली. त्यात तिची तंबाखू. सगळी सांडली खडकावर. तवर तिला भ्या वाटलं नव्हतं, पर तंबाखूचा मातूर राग आला.

मग लुगड्याची कंबरंची गाठ सुटली.

हसू नका गं. बाळ उठंल. रातच्याला, खिंडीत, एका हातात कंदील, दुसऱ्या हातानं लुगडं धरलंय, आन् डोक्यावर गाठोडं. तुमी असता तर तिथंच बसला असता रडत. ती चालली.

कंदिलाची कडी मोडकी, सुतळीनं बांधलेली. ती सुतळी सुटली. कंदील पडला, काच फुटली, मिट्ट अंधार झाला. आन् त्या अंधारात तिच्या मानंवर गार बोटं लागली. गळ्यातला खंडोबाचा दोरा कोनीतरी सोडत व्हतं. वढत नव्हतं, तोडत नव्हतं. हळूहळू, नखानं, गाठ सोडत व्हतं. दोरा सुटला आन् छातीवरनं घरंगळत खाली गेला.

तवा मातूर कोंडाबाईला भ्या वाटलं. पर पुढं टेकनीचा दगड व्हता, आन् मागं जाऊन उपेग नव्हता. चाचपडत दगडापाशी आली. आन् हाक आली.

"कोनी हाय का?"

एकदाच. बारीक आवाज, दमलेला.

रातच्या पयल्या हाकंला ओ द्यायची न्हाई, हे तुमाला बी ठाव हाय. मानूस दुसऱ्यांदा हाक मारतं, भूत एकदाच मारतं. कोंडाबाईला काय हे ठाव नव्हतं? पर ती मला म्हनाली, पोरी, अडलेली बाई बी कदी कदी एकदाच हाक मारती. दुसऱ्या हाकंपुरता दम तिच्यात उरत न्हाई. मी कशी ओळखायची, कोनती कोन?

तिनं ओ दिली. "आले गं," म्हनाली.

झालं. तिथनं पुढं तिच्या मागं आवाज सुरू झाला. करकर. करकर. वझ्यानं बांबू वाकल्यावर करकरतो तसा. पाय वाजत नव्हते कुनाचे. नुसता बांबू. ती थांबली की थांबायचा, चालली की चालायचा. तिनं मागं वळून बगितलं न्हाई. अशी ती माळावर आली, आन् तिच्यामागं झोळी बी आली.

मी दोर धरून बसले व्हते. डोळ्यापुढं अंधारी. दारात कोंडाबाई दिसली, मोकळे केस, लुगडं हातात धरलेलं. मला वाटलं हीच हडळ. आन् त्याच वक्ताला आढ्यावरची गाठ सुटली. दोर माज्या अंगावर पडला, कोंडाबाई धावत येऊन खाली बसली, मी पडले ती तिच्या मांडीवर. आन् कळ आली. सकाळधरनं आली नव्हती अशी. घरात एकबी गाठ उरली नव्हती बगा. नामदेव भाईर आला. रडला. मी बी रडले.

हितं गोष्ट संपली असती तर मीबी निजले असते आता.

कोंडाबाईनं नाळंला दोरा बांधला, घट्ट. पात्यानं नाळ कापली. आन् माज्या डोळ्यांदेखत तो दोरा सुटला. आपल्या आपून, टोक फिरलं आन् सुटलं. रगात आलं. तिनं परत बांधला. परत सुटला. तिसऱ्यांदा बांधून वर बोट दाबून धरलं, तरी बोटाखालनं सुटला. एवडंसं लेकरू, त्याच्यात रगात ते किती असनार? मग तिनं दोरा टाकला आन् नाळ नुसतीच चिमटीत धरली.

भाईर बांबू करकरत व्हता.

कोंडाबाई दाराकडं बगून म्हनाली, "सगुने, ही गाठ तुजी न्हवं. ही सोडू नको."

भाईरनं नुसतं कन्हनं आलं. मी ऐकलंय ते, माज्या कानानं. सकाळधरनं मी तसंच कन्हत व्हते.

कोंडाबाईनं माजं बोट धरलं, नाळंवर ठेवलं. म्हनाली, हितं चिमटीत धर. झोप आली तरी सोडायचं न्हाई, मेलीस तरी सोडायचं न्हाई. मी आलेच. आन् ती उठून भाईर गेली.

मी बाळंत होऊन घटका झाली नव्हती.  आन् माज्या पोराचा जीव माज्या दोन बोटांत. दिवा बारीक झालेला. मी नामदेवाच्या तोंडाकडं बगत बसले. माज्या जन्मात त्या येळंएवडी एकली मी कदी नव्हते. तुमचा आजा गेला त्या रातीबी नव्हते.

भाईर अंगनात झोळी पडलेली व्हती. दव पडून दोर वला, गाठी दगडावानी. कोंडाबाई खाली बसली. बोटानं सुटंनात, म्हनून दातानं सोडल्या. एक एक. पायाकडची, मांड्याची, छातीवरची. घोंगडी मोकळी केली. आतनं हात आला. तिनं तो हात हातात घेतला. गार. मग काय केलं असंल तिनं? जे सगळ्या बाळंतिनींचं करायची तेच. गाठोड्यातली तेलाची बाटली संगं आनली व्हती, ती उघडली आन् हाताला तेल चोळाया लागली. म्हनाली, लई सोसलंस. सुटलीस आता.

"बस माज्यापाशी," आवाज आला. "जाऊ नगंस."

कोंडाबाई बसली. थोडा येळ बसली. मग उठाया लागली तर पदर धरलेला. वढला तर सुटंना. गार पंजा पदरावरनं मनगटावर आला. मनगटावरनं कोपरापातूर आला. तिचा हात बधीर झाला, मग खांदा. जीभ जड झाली. ती सांगायची, वाईट वाटत नव्हतं गं. झोप यावी तसं वाटत व्हतं. असं बसून ऱ्हावं, असंच वाटत व्हतं. मलाबी घरी कोन हाय, म्हनली.

तेवड्यात आतनं नामदेव रडला.

कोंडाबाईनं उरलासुरला दम गोळा केला. "सगुने," म्हनाली, "आत बाळंतीन हाय. तिच्यापाशी कोन न्हाई."

करकर थांबली. वारा बी थांबला.

"एकली हाय?" सगुनानं इचारलं.

"एकली हाय."

 मग पंजा सुटला. आपल्या आपून सुटला, बोट बोट करून.

"मग जा की," ती म्हनाली.

कोंडाबाई आत आली तवा माजी बोटं वाकडी झाली व्हती, तिला ती सोडवावी लागली. पर धरलेलं सोडलं नव्हतं मी. तिनं दोरा बांधला. आमी दोघी बगत बसलो, आता सुटतो का मग सुटतो. न्हाई सुटला. नामदेवाची बेंबी अजून वर आलेली हाय ती त्याच चिमटीनं. आंगोळीला बसला की बगा.

उजाडता उजाडता तुमचा आजा चार मानसं घेऊन आला. अंगनात जुनी घोंगडी पसरलेली, बाजूला दोर. एक बी गाठ नव्हती त्याला. मानसं दारातच थबकली. कोंडाबाईनं ती घोंगडी कुनाला हात लावू दिली न्हाई, सोता उचलली आन् उनात वाळत घातली. परतेक पौषातल्या अवसंला ती खिंडीत जायची, टेकनीच्या दगडापाशी रातभर बसायची. तंबाखू खात. लोकं म्हनायची म्हातारीला येड लागलं. गावात तिला कोन इचारतंय म्हनून ती जाते, असं बी लोकं म्हनायची. ते बी खोटं नसंल.

तवापास्नं बाळंतिनीच्या दाराला मी कडी घालू देत न्हाई, तिच्यापाशी येनाऱ्याला दार बंद नको. आता कोंडाबाई न्हाई. तिथं कोन जातंय बसाया? म्हनून सांगते, खिंडीची ती वाट रातची धरू नका. सडकनं जा, लांब पडली तरी सडकनं जा. सगुना वाईट न्हाई. पर ती बस म्हनंल. आन् बस म्हनल्यावर तिच्यापास्नं सोडवनारं एकच उत्तर हाय, ते तुमच्यापाशी खरं असाया पायजे. घरी कुनी तुमची वाट बगत एकलं बसलेलं असंल, तर ती सोडंल. नसंल तर न्हाई सोडायची. माज्यासारखीनं तर मुळीच जाऊ नये.

काय गं रेश्मा, जागी हायस व्हय तू? कवापास्नं ऐकतीस? पानी पायजे? सुनंदा, पानी दे तिला कोमट करून.

दे, आन् मग जा तू, नीज. मी बसते हिच्यापाशी.