रेजिसनं न दिलेलं पत्र

—नाही, तो ‘निष्ठावंत’ शब्द आधी खोड बघू. कोणी सांगितला तुला? त्याच्या बायकोनं? पहिल्या की दुसऱ्या? दुसऱ्या. म्हणजे झालंच. रेजिस व्हालादिए निष्ठावंत होता म्हणे — कोणाशी, ते विचारलंस का तिला? अगं सोलेन, मी त्या माणसाच्या हाताखाली पस्तीस वर्षं काढलीत. ‘ला बूसोल’चा एकेक अंक छापायला जाण्याआधी त्याच्यावरून शेवटचा हात माझा फिरायचा, मथळे माझे, काटछाट माझी, तेव्हा मला त्याची निष्ठा सांगू नकोस. आणि हे बघ, तो मेलेला नाहीये अजून. इस्पितळात पडलाय, अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीय — पण मेलेला नाहीये. हो, हो, ठाऊक आहे मला, मृत्युलेख आधीच लिहून ठेवायचे असतात. मीच शे-दोनशे ठेवले असतील करून. त्यातले निम्मे लोक अजून रविवारच्या बाजारात भाजी निवडताना दिसतात मला. मॅडम पाशेको, हिला एक कॉफी द्या, आणि मला पांढरी वाइन, छोटा पेला. साडेअकराच झालेत, पण आज विषय रेजिसचा आहे, नुसत्या कॉफीवर निभणार नाही.

हं, लिही. मूलँ गावच्या नोटरीचा मुलगा. बाप लोकांची खरेदीखतं करायचा, घरात पियानो, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. आणि हा तेविसाव्या वर्षी पॅरिसला येऊन माओवादी झाला. मोटारींच्या कारखान्याच्या फाटकाशी सकाळी सहाला उभा राहून पत्रकं वाटायचा — वरून मजुराचा निळा डगला आणि आत आईनं विणलेला लोकरीचा स्वेटर, कारण साहेबांना सर्दी लवकर व्हायची. मजूर काय, पत्रक घ्यायचे, सँडविच गुंडाळायला बरं पडायचं त्यांना. हे त्यानंच सांगितलंय, मी बनवून सांगत नाही. हसवायचा तो. तेवढं मात्र मान्य करायला हवं, हसवायचा. चौऱ्याहत्तरात ‘ला बूसोल’ निघालं, तेव्हा सहा टेबलं होती आणि सात माणसं, सातवा मी, खिडकीच्या कठड्यावर बसून मजकूर तपासायचो. एक्याऐंशीच्या मेमध्ये डावे निवडून आले, तेव्हा हा टेबलावर उभा राहून ढसाढसा रडला. मीही रडलो, ते लिहू नकोस. आणि पुढं दोनच वर्षांत सरकारनं हात आखडता घेतला, तर याला अचानक अर्थशास्त्र कळायला लागलं. ‘मार्सो, आकडे डावे-उजवे नसतात रे.’ अरे वा. काल-परवापर्यंत असायचे की! मग कॉर्डरॉयचं जाकीट गेलं, शिंप्याकडून सूट आले, जेवणं मंत्र्यांबरोबर व्हायला लागली, आणि ‘कामगार’ हा शब्द त्याच्या संपादकीयातून असा हळूहळू नाहीसा झाला की शोधायला मलासुद्धा भिंग लागलं असतं. पण तरी, म्हणजे बघ, तरी तो आपला होता. शिव्या घालायला आपला. त्र्याण्णवपर्यंत.

तेच तर विचारायला आलीयेस तू, नाही का? सगळे त्र्याण्णवच विचारतात. सिमेंटवाल्यानं साप्ताहिक विकत घेतलं. आता तू लहान आहेस, पण आपल्याकडचा तो नियम तुला शिकवलाच असेल — मालक बदलला की पत्रकारानं पत्र द्यायचं, की नव्या मालकाखाली काम करणं माझ्या मनाला पटत नाही, आणि नोकरीतून काढलेल्या माणसासारखी भरपाई घेऊन ताठ मानेनं बाहेर पडायचं. बेकरीवाल्याला नाही ही सोय, शिक्षिकेला नाही, मॅडम पाशेकोंना नाही. फक्त आपल्याला. कारण आपल्याला मन असतं, असं कायद्यानंच मानलंय. तर आम्ही एकेचाळीस जण होतो. ठरलं काय, तर पत्रं सगळ्यांनी एकाच सोमवारी द्यायची, दहा वाजता, आणि सगळ्यात वर रेजिसचं. संपादकच निघाला म्हटल्यावर सिमेंटवाल्याच्या हातात काय राहणार? नाव आणि खुर्च्या. त्याला विकून टाकावं लागलं असतं साप्ताहिक, कदाचित आम्हालाच. तसं चाललंही होतं बोलणं. सोमवार उजाडला, सगळे खाली जिन्यापाशी पत्रं घेऊन उभे, दहा वाजले, सव्वादहा वाजले, आणि रेजिस वरून उतरला तो मोकळ्या हातानं. म्हणाला, मी राहतोय, ज्यांना जायचंय त्यांना मी अडवणार नाही. एवढंच बोलला आणि पुन्हा वर गेला. तेवीस जणांनी पत्रं दिली. अठरा जणांनी खिशात घातली. यव्हेत होती आमची, परराष्ट्राचं पान बघणारी, ती जिन्यातून थुंकली त्याच्या दिशेनं. खरंखुरं थुंकली. हे लिही तू, हे लिहायलाच हवं. रेजिस व्हालादिए विकला गेला — हा आहे तुझ्या लेखाचा मथळा, फुकट देतो घे.

आणि मग पुढची वर्षं! पंच्याण्णवचा मोठा संप आठवतो? नसेलच आठवत, तू पाळण्यात असशील. रेल्वे बंद, मेट्रो बंद, अख्खं पॅरिस पायी चालतंय, थंडी ही अशी. माझ्या घरापासून ऑफिसपर्यंत एक तास दहा मिनिटं. आणि या गृहस्थानं संपकऱ्यांवर संपादकीय ठोकलं. ज्यांच्यासाठी सहा वाजता फाटकाशी कुडकुडायचा, त्यांच्यावर. — हो, तेच ते, ‘गाड्या अडवता येतात, येणारं शतक नाही.’ अरे, पाठ आहे तुला? शाळेत? पत्रकारितेच्या शाळेत शिकवतात? खरं सांगतेस? कसं वाटतं तुला ते वाक्य? चांगलं आहे ना? नाही, म्हणजे विचार वाईटच आहे, प्रश्नच नाही, पण वाक्य म्हणून बघ. ‘येणारं’ तिथं मुद्दाम घातलंय. नुसतं ‘शतक’ ठेवलं तर पाय लटपटतात वाक्याचे. पाऊण तास घालवला मी त्या एका—

बरं. हो. मी. त्यात काय एवढं? त्याला शेवट करता यायचा नाही गं. दोन पानं झकास लिहायचा आणि शेवटच्या ओळीपाशी बैल बसावा तसा बसायचा. मंगळवारी अंक बंद करायची वेळ, छापखान्याचे फोनवर फोन, आणि हा माझ्या टेबलाशी येऊन कागद ठेवायचा. मी शेवटची ओळ लिहायचो. पहिल्यापासून, चौऱ्याहत्तरपासून. तेव्हा डाव्या ओळी लिहिल्या, नंतर — नंतर ज्या हव्या होत्या त्या. तो सुतारकामाचा भाग आहे, मताचा नाही. मत मी पेटीत टाकतो, आणि ते जन्मात कधी उजवीकडं गेलेलं नाही, विचार कोणालाही. कामगार दिनाला, एक मे रोजी, दरवर्षी मोर्चात असतो मी, कोटाला फुलं लावून. गुडघा दुखतो तरी. आणि त्या तेवीस जणांचं दरवर्षी जेवण असतं, नोव्हेंबरात, तिथं मला बोलावतात. आत राहिलेल्या अठरांपैकी फक्त मला, बरं का. यव्हेत म्हणते, मार्सो आत राहिला तो पहारा द्यायला. रेजिसची नक्कल मीच करतो तिथं, मोकळ्या हातानं जिना उतरतानाची. लोक डोळे पुसतात हसून हसून.

— का राहिलो म्हणजे? सांगितलं ना, पहारा द्यायला. कोणीतरी आत हवं होतं. — सतरा वर्षं, हो, सतरा वर्षं पहारा. तुझा चेहरा असा का झाला? तू मला विचारतेस की माझ्यावर लेख आहे? हे बघ, तुझ्यासारखीला सोपं आहे, तुला उद्या कुठंही काम मिळेल, नाव छापून येतं तुझं. माझं नाव पस्तीस वर्षांत एकदाही छापून आलेलं नाही. मजकूर तपासणारा म्हाताऱ्या बाईच्या छत्रीसारखा असतो, घरातून बाहेर पडला की कोणाला आठवत नाही कोणाचा तो. रेजिस गेला असता, नवीन संपादक आला असता, त्यानं त्याची माणसं आणली असती. मग मी काय करणार होतो? सेहेचाळीस वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या वाक्यांना शेपटं जोडणारा. मी हे त्याला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. म्हटलं, रेजिस, तू गेलास तर तू व्हालादिए राहशील, मी कोण राहणार—

कधी म्हणजे? तेव्हाच. आदल्या शुक्रवारी. जेवायला नेलं होतं त्यानं मला, कोपऱ्यावरच्या त्या जागी, वासराच्या मुंडीचं छान करायचे. त्यानं ताटाला हात लावला नाही, मी माझं संपवून त्याचंही खाल्लं. त्याच्याजवळ पत्र होतं. लिहिलेलं, सही केलेलं. माझ्यासमोर ठेवलं त्यानं, नेहमीसारखं. म्हणाला, शेवट बघ जरा, जमला नाहीये. आणि मी वाचलं. चांगलं होतं गं पत्र. खोटं कशाला बोलू, त्यानं लिहिलेलं सगळ्यात चांगलं होतं ते. फाटकाशी उभा असायचा त्या रेजिसनं लिहिल्यासारखं. मी शेवटची ओळ लिहिलीच नाही. कागद घडी करून त्याच्या ताटाशी सरकवला आणि म्हटलं, देऊ नकोस. माझ्यासाठी. तीसेक वर्षांत काही मागितलं नाही तुझ्याकडं — म्हणजे वीस, वीस वर्षांत. त्यानं पत्र उचलून घडी दाबली. मग खिशात घातलं त्यानं. सोमवारी तो मोकळ्या हातानं उतरला तेव्हा मीही खालीच उभा होतो, जिन्यापाशी, माझं पत्र हातात धरून, सगळ्यांसारखा. यव्हेतच्या शेजारी.

पेन खाली ठेव. ठेव म्हणतो ना. हे तुझ्या लेखासाठी नव्हतं. हे तू खोडायचंस, मी नाही, वाइन बोलली ते, म्हाताऱ्या माणसाला काय आठवतं, काय नाही. त्याला विचारून घे हवं तर — हो, आता कसा सांगणार तो. बरं झालं म्हणत नाही मी, पण... काय? एप्रिलमध्ये? आजारी पडायच्या आधी? तू भेटलीस त्याला, स्वतःच्या मृत्युलेखासाठी मुलाखत दिली त्यानं? द्यायचाच तो, असला आगाऊपणा त्यालाच सुचणार. आणि हे विचारलंस? त्र्याण्णवचं? काय म्हणाला? टिपलंय ना, मग वाच. जसं आहे तसं वाच, मध्ये स्वतःचं घालू नकोस.

...

‘कोणाचा दोष नाही. मी घाबरलो.’ एवढंच? नाव नाही कोणाचं? पुढचं पान बघ. बघितलंस? पुन्हा वाच.

...

मॅडम पाशेको, नको, भरू नका पेला. तर असं म्हणालाय तो. शुद्धीवर होता, स्वतःच्या तोंडानं म्हणाला, तुझ्याकडं टिपलेलं आहे. मग प्रश्न कुठं राहिला? तसंच छापा. संपादकाचा शब्द आहे, मी कोण त्यात हात घालणारा.

कागद आवरा तुमचे. या आता तुम्ही.