पायाले समजली पाह्यजे

माहं माहेर उमरेडकडचं, बाप खदानीत दगड फोडे, तं दगडाची धूळ खाऊनच मी मोठी झाली म्हना, अन् लगीन होऊन नागपुरात पाचपावलीले आली तं नवरा बी गवंडीच भेटला. तो गवंडी अन् मी त्याच्या हाताखाली रेजा. डोक्यावर घमेलं, चुना कालवायचा, थापीनं कोबा ठोकायचा. काय सांगू तुम्हाले, सदर वस्तीतल्या बंगल्यांत ज्या जमिनीवर गोऱ्या मडमा बुटानं चालल्या, ते जमीन माह्या हातानं घोटेल हाय. मिस्त्री म्हनून नाव नवऱ्याचं, पन हात माहा बरा होता. हे मी त्याच्या तोंडावर बी सांगत होती.

आमचं घर म्हनजे एकामागं एक तीन खोल्या. एका बंगल्याची जुनी जमीन उखडली तवा टाकून दिलेल्या फरश्या नवऱ्यानं घरी आनल्या. बाहेरच्या खोलीत दोन बोटं जाडीचा दगड बसवला, मधात रंगीत लाद्या, त्या पातळ, अन् सैपाकाच्या खोलीत शेनानं सारवलेली मातीच, कारन आत्याबाई, म्हनजे माही सासू, म्हने चुलीपाशी मातीच पाह्यजे. आता तीन जमिनी तीन उंचीच्या, तं दोन्ही दारांत कड राहिली. नवरा म्हने, राहू दे वं, पायाले सवय होते. डोयस मानसाच्या पायाले होते, पन आत्याबाईचे डोये तं म्हातारपनी कवाचेच गेले होते. एक दिवस बोट कडेले अडलं, बुढी तोंडावर पडली अन् कपाय फुटलं.

खबर गावाले गेली, अन् भासरे, म्हनजे नवऱ्याचे मोठे भाऊ, बैलगाडी घेऊन दारात. मायले नेतो म्हने, तिथं सगयं सपाट हाय. आत्याबाई त्यायच्यासमोरून उठली. मंग चुलीपाशी येऊन मले म्हने, तिथं मोठी सून मले खाटेवर बसवून ठेवन वं, जेवाले देईन, पानी देईन, पन उठू नाही देनार. इथं मी माह्या पायानं फिरतो. असं म्हनून बुढी रडली, अन् मले असा राग आला, भासऱ्यांचा बी अन् त्या कडेचा बी. भासऱ्यांशी थेट बोलाची आमच्यात पद्धत नाही, म्हनून नवऱ्याकडून निरोप दिला, का तुमच्या बैलाचा खूर दुखावला हाय, तो बरा होईपर्यंत थांबा, मंग पाहू कोन कुठं जाते.

अन् मी चुना कालवला. विटांचे तुकडे भरले, खाली राहिलेल्या दोन जमिनी वर उचलल्या, दगडावरून बी पातळ हात फिरवला, चुलीपाशी हातभर माती सोडून सारा कोबा ठोकला अन् घोटला. कड नाही, सांधा नाही. शेजारच्या बाया पाहून गेल्या, अन् मी कंबरेवर हात ठेवून उभी. म्हटलं चाला आत्याबाई. बुढी निघाली अन् मधातच थांबली, दोन्ही हात हवेत. म्हने, सूनबाई, मी कुठं हाओ वं? दगडाचा थंडावा नाही, शेनाचा मऊपना नाही, कोनती खोली तेच तिले समजेना, अन् अजून थोडी चालली असती तं पाय चुलीत होता. नवरा हासला. मी नाही हासली.

चुना ओलाच होता, उखडला सारा. अन् या खेपेले आत्याबाईलेच दारात बसवलं. ज्याची त्याची जमीन परत उघडी केली, अन् दोन्ही दारांत कडेपासून हातभर लांब उतार दिला, पाय अडू नये असा. पन गुळगुळीत नाही केला. दगडाच्या दारात उतारावर सुतळी दाबून तिचे वळ उमटवले, सैपाकाच्या दारात बारीक खडी बसवली. बुढी पाय ठेवे अन् सांगे, इथं बोचून राहिलं, इथं अजून दाब, हां, आता समजलं. इतक्या मिस्त्र्यांच्या हाताखाली राबली मी, पन अशी मिस्त्रीन नाही भेटली.

बैल बरा झाला, अन् इतके दिवस गाडीतळावर थांबलेले भासरे गाडी जुंपून दारात आले. आत्याबाईनं सैपाकाच्या खोलीतून पान्याचा भरेल लोटा उचलला अन् निघाली. नवरा हात द्याले धावला, मी त्याले डोयानंच थांबवलं. खडी, मंग लादी, मंग सुतळीचे वळ, मंग दगड. तिनं लोटा भासऱ्यांच्या हातात दिला अन् म्हने, पानी पी बापा, अन् गाडी रिकामी ने, मी येत नाही. भासरे पानी प्याले, मायच्या पाया पडले अन् गेले.

त्याले लय वर्सं झाली. आत्याबाई शेवटपर्यंत याच घरात फिरली. नवरा बी गेला. आता पोरगा म्हनते सिमिटाची एकसारखी जमीन करू, मी म्हनतो, हात तं लावून पाह्य. काहून म्हनाल तं सांगतो. भासऱ्यांची बायको वारली, त्यायचेही डोये गेले, अन् लेकायनं विचारलं का बाबा कोनापाशी राहता, तं म्हने मले पाचपावलीले नेऊन सोडा. तवापासून ते बाहेरच्या खोलीत हायत. सकाळी चहाले कोनाले हाक मारत नाहीत, स्वतःच चालत येतात, अन् सैपाकाच्या दारात खडी पायाले लागली का थांबतात, खाकरतात. अन् मी डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतो. पोरगा म्हनते, माय, त्यायले दिसते का काही? नाही दिसत तं नाही दिसत, पन ते थांबतात ना माह्यासाठी. देव त्यायचे पाय असेच चालते ठेवो, अन् माहे बी.