बारापैकी बारा

“हॅलो?... हो, मीच. बोल.”

पत्र्याच्या टाकीच्या मापाचे बारापैकी बारा बिंदू वर्तुळावर बसले, तर कचेरीत फोन घेतलेल्या ताईच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून ठेवू. टाकी गोल होती असं ठरणार. म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुकादम नवऱ्याने घेतलेलं माप बरोबर, आणि त्या मापाखाली ‘तपासले’ लिहून केलेली ताईची सहीही बरोबर. मग परवा पाणी भरून चाचणी घेताना टाकी पूर्वेच्या अंगाला उसवली ती, जोड कच्चा होता म्हणून. जोड कच्चा म्हणजे दोष वेल्डरचा. वेल्डर गळतीवर खडूने खूण करायला शिडीवर चढला होता, तो पाण्याबरोबरच खाली आला आणि पत्र्याखाली गेला. गेलेला माणूस ‘छे, छे’ म्हणायला येत नाही, ही त्यातली मोठी सोय.

टाकी आता चेपून पडली होती. तिला विचारून काही कळण्यासारखं नव्हतं. उद्या दहाला चौकशीची माणसं येणार, ती कागद बघणार.

“आधी रडणं थांबव... अगं ऐक ना. मापाचा तक्ता कुठे आहे?... घरी? घरी कशाला आणला त्यांनी?... शर्टाच्या आत घालून? शाबास. बरं, आणला तर आणला. समोर घे.”

कचेरीतली मंडळी जेवायला गेली होती. ताईने पाठकोरा कागद ओढला. हे माप आलं त्या आठवड्यात तिच्या टेबलावरून चाळीसेक तक्ते गेले होते. हा नेमका कसा होता ते तिला आठवत नव्हतं.

“आता मी सांगते तसं वाच. टाकीच्या मधोमध खुंटी ठोकतात ना, ती शून्य. तिथून पूर्वेला किती आणि उत्तरेला किती, असे प्रत्येक बिंदूचे दोन आकडे असतील... हो, मीटरमध्ये. दोन्हींचे वर्ग करायचे, बेरीज घ्यायची. त्रिज्या तेरा, म्हणून बेरीज एकशे एकोणसत्तर आली की बिंदू वर्तुळावर. कमी आली तर पत्रा आत दबलाय, जास्त आली तर बाहेर फुगलाय... हो गं, शाळेतलंच. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस... वाच.”

धाकटी वाचू लागली.

“पाच आणि बारा. पंचवीस, एकशे चव्वेचाळीस... एकशे एकोणसत्तर. बसला. पुढचा?... बारा आणि पाच. बसला... उणे पाच, बारा... उण्याचं घेऊन बसू नकोस, वर्ग केला की उणं पुसलं जातं. बसला.”

सहावा बसला, सातवा बसला. प्रत्येक ‘बसला’गणिक धाकटीचा आवाज उजळत गेला, नवव्याला तर ती हसलीसुद्धा. ताईची पेन्सिल मात्र जड होत चालली होती.

“थांब... नाही, चुकलं काही नाही. दशांश वाच बघू. पाच पूर्णांक किती?... तिन्ही शून्य? आणि बारापुढे?... नीट बघ. कुठे एखादा एक, दोन, तीन?... नाहीच. बाराच्या बारा?”

बाराच्या बारा. इतक्या वर्षांत ताईने अशी टाकी पाहिली नव्हती. उन्हाने पत्रा ताणला जातो, फीत झोळ खाते, धरणाऱ्याचा हात हलतो. खऱ्या मापाला दोन-चार मिलिमीटरचा मळ लागतोच, म्हणून तर नियमात वीस मिलिमीटरची सूट असते. हे बिंदू इस्त्री करून आणल्यासारखे होते. आणि ते कुठल्या कपाटातून आले, हेही तिला आता दिसलं. पायाचा काटकोन धरायला मुकादम लोक दोरीला गाठी मारतात: पाच, बारा, तेरा. बहिणीच्या नवऱ्याने टाकीभोवती फिरण्याऐवजी शेडमध्ये बसून तीच दोरी तक्त्यावर पसरली होती. तक्त्याला ओळी बारा, आणि तेराच्या वर्तुळावर असे पूर्ण आकड्यांचे बिंदूही नेमके बारा. एकही ओळ कोरी राहिली नाही.

आणि ताईने काय केलं? बेरीज जमली की बरोबरची खूण. बिंदू वर्तुळावर आहे का, एवढंच समीकरण सांगतं. बिंदू टाकीवर आहे का, हे माणसाने उठून बघायचं असतं.

“त्यांना फोन दे... शेजारीच आहेत, मला श्वास ऐकू येतोय... नाही घेत? मग तू विचार. टाकीभोवती फिरले होते का?... विचार गं.”

पलीकडे कुजबुज झाली. मग धाकटीने ऊन किती होतं ते सांगितलं, शिडी सरकवायला माणूस नव्हता ते सांगितलं, चाचणीची तारीख कशी डोक्यावर बसली होती तेही सांगितलं. आणि शेवटी नवऱ्याचं वाक्य जसंच्या तसं पुढे केलं, की ताई तरी कुठे खुर्चीतून उठली होती?

“...नाही. नव्हते उठले.”

धाकटीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. चाचणीच्या आदल्या दिवशी याच फोनवर वेल्डर बोलला होता. पूर्वेकडचा पत्रा वीतभर आत वाटतो, साखळीने ओढून जोड मारावा लागला, टाकी गोल आहे ना, असं त्याने विचारलं होतं. ताई म्हणाली, कागदावर गोल आहे, तुम्ही तुमचं काम बघा. तो हसला होता. मग पाणी कागदातच भरा, म्हणाला.

“काही नाही, ऐकतेय... सकाळी त्याची बायको आली होती इथे. त्याचा काळा चष्मा न्यायला... नाही, काही विचारलं नाही. चष्मा पदराने पुसला आणि गेली.”

धाकटी पुन्हा रडू लागली. ह्यांना नेतील, मुलींचं कसं होणार, तुला येतं ना सगळं, कर ना काहीतरी.

ताईने दुसरा पाठकोरा कागद ओढला.

“...हॅलो? आहे मी. तक्त्याच्या मागे कोरा छापील तक्ता आहे का?... पेन त्यांच्या हातात दे. अक्षर त्यांचंच हवं. मी सांगते तसं लिहायला सांग. पहिला. पाच पूर्णांक शून्य शून्य चार. बारा पूर्णांक शून्य शून्य सहा... हो, मुद्दाम. दुसरा. अकरा पूर्णांक नऊ नऊ सहा...”

प्रत्येक ओळीला ती वर्ग करून बघत होती. कुठे बेरीज केसभर जास्त, कुठे केसभर कमी, पण सगळं सुटीच्या आत. अकरा ओळी झाल्या. एकही बिंदू वर्तुळावर नव्हता, आणि म्हणूनच आता कुणीही त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

“शेवटचा कुठला राहिला?... पूर्वेचा. हं.”

तेरा आणि शून्य.

“लिही... बारा पूर्णांक... थांब जरा.”

खाली जिन्यात जेवून परतणाऱ्यांचे आवाज आले.

“बारा पूर्णांक नऊ नऊ सात. पुढे शून्य पूर्णांक शून्य शून्य दोन... हो, तीन मिलिमीटर आत. तेवढंच. सही मी उद्या नऊला येऊन करते. जुना जाळ... फाडू नकोस, जाळ... अगं, उपकार कसले? नको बोलूस तसं... हो. हो. ठेव आता.”

धाकटी ठेवेना, तेव्हा ताईनेच फोन ठेवला.

हिशेब इतका निघाला. पूर्वेला पत्रा वीतभर आत होता. त्यातले तीन मिलिमीटर ताईने कबूल केले. बाकीची वीत वेल्डरने परवा जिवाने भरली होती, आणि उद्या दहापासून ती त्याच्या नावावर पुन्हा लागणार होती.