भिंत सरकली

मुलगी : बाबा, भिंत पुन्हा सरकलीय.

बाबा : कुठली? घराची?

मुलगी : चेष्टा नको. उद्याच्या स्पर्धेच्या नकाशातली. घोड्यांनी उडी मारायचा सातवा अडथळा. काल मी ती डाव्या कोपऱ्यात ठेवली, सकाळी बघते तर मधोमध. परत जागेवर नेली, जेवून आले, तर पुन्हा मधोमध. भिंतीला पाय फुटलेत का?

बाबा : कम्प्युटर तो. त्याचा काय भरवसा? मी कागदावर पट्टीने मार्ग आखायचो, तेव्हा काढलेली रेघ काढल्या जागी राहायची.

मुलगी : मलाही आधी बिघाडच वाटला. त्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुलीला फोनवर नको नको ते बोलले मी. बिचारीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मॅडम, घरात आणखी कोणी कम्प्युटरला हात लावतं का?" मी म्हटलं, "छे! आई तबेल्यात असते. राहिले वडील, आणि त्यांना साधा माऊस धरता येत नाही."

बाबा : असं सांगितलंस? परक्या माणसाला?

मुलगी : मग काय, येतो धरता?

बाबा : न यायला काय झालं? अडथळ्यावर बाण न्यायचा, दाबून ठेवायचं, ओढायचं, सोडायचं. शेंबडं पोर करेल.

मुलगी : ...बाबा.

बाबा : काय?

मुलगी : तुमचा चष्मा माझ्या कीबोर्डवर पडलाय. आणि स्क्रीनवर एकेक अडथळा परातीएवढा करून ठेवलाय. असे डोळे या घरात कोणाचे आहेत?

बाबा : आता अक्षरं बारीक असतात त्याला मी काय करू?

मुलगी : का पण? माझं पहिलं मोठं मैदान आहे हे. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली अडथळ्यांचे दांडे मोजत उन्हात उभी राहिले, तेव्हा कुठे मार्ग आखायला मिळाला. पाचच्या आत नकाशा समितीला जायला हवा. आणि तुम्ही घरच्या घरी सुरुंग लावताय!

बाबा : अगं, त्या कोपऱ्यात घोड्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं.

मुलगी : मैदानावर छप्पर आहे.

बाबा : ...वळण फार घट्ट होतं.

मुलगी : घट्ट असेल तर घोड्याच्या वाटेची रेघ लाल होते. ही बघा, हिरवीगार. आणि थांबा, थांबा. चौथा अडथळाही फिरवलाय तुम्ही. नववाही! मला दिसलंच नव्हतं. बाबा, मी तीन डावी वळणं ठेवली होती. ती सगळी गेली कुठे?

बाबा : उजवीकडे.

मुलगी : ते दिसतंय मला! म्हणजे आख्खा मार्ग उजवीकडून उजवीकडे. तेलाच्या घाण्याला जुंपायचीत का घोडी?

बाबा : आवाज हळू. ती बाहेर आहे.

मुलगी : अच्छा. आत्ता पडला माझ्या डोक्यात उजेड. हे आईसाठी चाललंय.

बाबा : आईसाठी नाही, तिच्या घोडीसाठी, मावशीसाठी. घोडीचं वय झालंय आता. तिचा डावा खांदा आखडतो. डावीकडे घेतली की अंग चोरते.

मुलगी : आई भाग घेतेय हे मी आधीच समितीच्या कानावर घातलंय. ते म्हणाले, घेऊ दे, पण मार्ग आईच्या सोयीने वाकवल्यासारखा दिसला तर पुन्हा या दारात येऊ नकोस. आणि हा तर आंधळ्यालाही दिसेल! तुम्ही इतकी वर्षं हेच काम केलंत ना? कोणाच्या बापासाठी दांडा इकडचा तिकडे केलात कधी?

बाबा : नाही केला.

मुलगी : मग?

बाबा : तेव्हा तुझी आई घोड्यावरून पडली नव्हती.

(दारावर थाप.)

आई : काय गोंधळ चाललाय दोघांचा? तबेल्यापर्यंत ऐकू येतंय.

मुलगी : आई, आत येऊ नकोस! नकाशा उघडा आहे!

आई : कळतं मला. स्पर्धकाने आदल्या दिवशी मार्ग बघायचा नसतो. तू जन्मायच्या आधीपासून पाळतेय. दार लावलेलंच राहू दे, मी इथूनच बोलते. अहो, तुम्ही तिच्या कामात लुडबुड केलीत ना?

बाबा : मी? मी चहा विचारायला आलो होतो.

आई : चार दिवस माझ्या मागे लागलेत, "उजवी बाजू पक्की कर, उजवी बाजू पक्की कर." तेव्हाच म्हटलं, यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

मुलगी : बाबा! तुम्ही तिला सांगितलंतसुद्धा?

बाबा : सांगितलं कुठे? सुचवलं.

मुलगी : कपाळ माझं! हे कळलं तर आईला बाद करतील आणि मला घरी बसवतील. आणि तुम्ही काय, चहा विचारत फिराल?

आई : ओरडू नकोस गं. यांनी उजवी म्हटल्यापासून मी मावशीला रोज डावीकडेच फिरवतेय. म्हटलं, यांच्या कृपेने उद्या जिंकले तर बक्षिसाच्या त्या फितीला मी हातही लावणार नाही. तुझी डावी वळणं जिथे होती तिथे ठेव.

मुलगी : झालं! आता तुलाही कळलं, डावी वळणं आहेत म्हणून!

आई : नसतात का कुठे? किती नि कुठे, ते सांगू नकोस म्हणजे झालं.

बाबा : अगं, पण घोडीचा खांदा...

आई : मुक्या जनावराला कशाला बदनाम करता? तिचा खांदा लोण्यासारखा आहे. आखडतो तो माझा पाय. पडल्यापासून डावा पाय तिला वळायचं नीट सांगत नाही, म्हणून ती गोंधळते. तुम्हाला ठाऊक आहे ते. मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे ते. उगाच दोघं मिळून घोडीच्या नावावर खपवत होतो.

मुलगी : मग उद्या कशाला उतरतेस, आई?

आई : कारण त्या दिवशी मी पडून बाहेर आले. मला घोड्यावर बसून बाहेर यायचंय. एकदा. मग मावशीही मोकळी आणि मीही. पण माझ्यासाठी सोप्या केलेल्या मार्गावरून गेले तर ते येणं नव्हे.

बाबा : आणि पुन्हा काही झालं तर? मला नाही बघवणार. सांगून ठेवतो. त्या दिवशी तू जमिनीवर होतीस आणि हलत नव्हतीस.

आई : आणि तुम्ही दांड्यांना अडखळून पालथे पडलात. माझ्याआधी तुम्हालाच उचलावं लागलं.

बाबा : हसू नकोस. तेव्हापासून तू साधा सराव करतेस तेव्हाही मी...

आई : डोळे मिटून घेता. माहीत आहे. वरून दिसतं मला.

मुलगी : बाबा, सरका जरा. खुर्ची द्या माझी. हा चौथा. हा नववा. आणि ही... ही जागेवर. बघा, रेघ हिरवी आहे. वळायला भरपूर जागा ठेवलीय, सगळ्यांनाच. मलाही आई एकच आहे, बाबा.

बाबा : हं.

मुलगी : पाठवू?

बाबा : पाठव. ...ऐक. पडलेले दांडे उचलून लावायला माणसं लागतात ना मैदानात?

मुलगी : लागतात.

बाबा : मग मला या सातव्याशी उभा कर.

मुलगी : एकाही दांड्याला फेरी चालू असताना हात लावता येणार नाही. "उजवीकडे" म्हणून ओरडता येणार नाही. ब्रसुद्धा काढायचा नाही.

बाबा : नियम मला शिकवतेस? नुसता उभा राहीन.

आई : राहू दे त्यांना उभं. पण अहो, या वेळी डोळे उघडे ठेवा.