काकूंच्या नावाची गोगलगाय

दवाखान्यात परक्यांच्या बोलण्याकडे कान देऊ नकोस, असं आई बजावायची. मी ऐकलं नाही. बाळाच्या लसीसाठी थांबले होते. शेजारी म्हातारे प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी.

"सर, तुम्ही शोधलेली समुद्री गोगलगाय ही नवी जात नाहीच. जुन्याच जातीचं पिल्लू आहे."

"शंखाची कड पातळ होती गं."

"वाढल्यावर जाड होते. टाकीत वाढवून पाहिलं मी."

"मग आधीचंच नाव राहणार."

"नियमच आहे. तुम्ही दिलेलं काकूंचं नाव जाईल."

"ती होती तेव्हा चिडवायची, आवरायला वेळ लावते म्हणून गोगलगाय केलीत ना मला?"

"हे मांडणारा माझा लेख थांबवू?"

"छे, छाप. फक्त त्या शंखाच्या डबीवरची नावाची चिठ्ठी तिच्या अक्षरातली आहे. माझ्याच्याने ती निघायची नाही. तू ये."

"येते, पुढच्या आठवड्यात."

तुमच्या ओळखीत असे एकटे राहणारे सर असतील, तर आजच डोकावून या.