सात जातींची फुलं

यिल्वा : तिंद्रा! ए तिंद्राऽऽ! आई, सणाच्या फुलांनी सजवलेल्या खांबाभोवती तुझ्याबरोबरच नाचत होती ना पोर?

गेर्ड : होती गं. बेडूकउड्या मारत होती. मी जरा हेरिंग मासे वाढायला वळले, तेवढ्यात...

यिल्वा : तळ्याच्या धक्क्यावर तिचे बूट पडलेत. आई, नुसते बूट!

गेर्ड : गवतात अनवाणी खेळायला काढले असतील.

यिल्वा : मला समजावू नकोस! गेल्या वर्षी याच मिडसमरच्या सणाला तिच्या बाबाचं, हाल्वारचं, प्रेत याच तळ्यातून काढलं. तेव्हाही सगळे म्हणत होते, येईल पोहून, येईल!

गेर्ड : असं वाईटसाईट बोलू नकोस गं.

यिल्वा : अख्खं गाव हाका मारतंय आणि पोर ओ देत नाही. म्हणजे काय समजायचं मी?

गेर्ड : ओ देत नाही... अगं देवा! यिल्वा, ती ओ देणारच नाही!

यिल्वा : काय बोलतेयस?

गेर्ड : सकाळी विचारत होती, आजी, बाबा कुठल्या सणाला येईल? मी आपली एकेक सण सांगत बसले. लुसियाच्या सणाला डोक्यावर मेणबत्त्या, ईस्टरला पोरींनी चेटकिणी व्हायचं, एप्रिल सरताना मोठी शेकोटी. आणि आज सात जातींची फुलं तोडून उशाखाली ठेवायची, मग स्वप्नात आपलं माणूस दिसतं. पण तोडताना तोंडातून शब्द काढायचा नाही.

यिल्वा : अगं, ते लग्नाच्या मुलींसाठी! सहा वर्षांच्या पोरीला काय सांगतेस! कुठे गेली असेल?

गेर्ड : फुलं कुंपणापलीकडे आहेत. दलदलीच्या अंगाला. पळ!

(दोघी कुंपण ओलांडून दलदलीपाशी येतात.)

यिल्वा : ती बघ! मांडीपर्यंत रुतलीय! तिंद्रा, हात दे. आई, मला मागून धर. ओढ! अजून... आली, आली! लागलं का गं राणी? गारठलीयस नुसती. एक हाक मारायला काय झालं होतं? बोल ना! माझा जीव जातोय, बोल गं!

तिंद्रा : सहाच झाली होती.

गेर्ड : बोलली बाई एकदाची!

तिंद्रा : आईनंच बोलायला लावलं! आता बाबा नाही येणार. सगळी फुलं वाया गेली!

गेर्ड : माझीच जीभ झडो. चला घरी, गरम पाण्यात बसवते हिला.

यिल्वा : थांब जरा. तिंद्रा, रडू नकोस. ही टाकून दे, पहिल्यापासून तोडू. पण माझा हात सोडायचा नाही.

तिंद्रा : तू मध्येच बोलशील.

यिल्वा : नाही बोलणार. मलाही सात लागतील.